शेवटच्या घरापर्यंतचं धावणं

गोळ्यांचा डबा तुमच्या नावाचा निघाला असेल, तर आधी मनसोक्त रडून घ्या. मी तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी कंटाळा आला, कारण रडायलाही दम लागतो आणि तो तर माझ्याकडे उरलाच नव्हता. त्यानंतरचे सहा महिने मी कसे काढले, ते इथं लिहिते आहे. औषधांची नावं आणि शास्त्र डॉक्टरांना विचारा. मला त्यातलं फक्त गिळणं कळतं.

वाट

मी वनिता. वलगावच्या पुढं, पेढी नदीकाठच्या एका गावात शाळेत शिकवते. माहेर चांदूर बाजारचं. तिथं शाळेत असताना मी तालुक्याच्या स्पर्धांत पळायची आणि नंबरही काढायची. लग्न झालं, पळणं सुटलं. मुलगा मोठा होऊन शिकायला अमरावतीला माझ्या बहिणीकडे गेला, तेव्हा पस्तिशीत मी पुन्हा कॅनव्हासचे पांढरे बूट घातले.

आमच्या गावात तेव्हा पळणारे खूप होते. कापसाला भाव नव्हता, शेतीवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून घरोघरची पोरं पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावायची. पण सलवार-कमीज घालून नदीकडं धावणारी चाळिशीकडं झुकलेली मास्तरीण एकच होती. पहिल्या आठवड्यात तिघांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, कोनाच्या मांगं पळून राहिले?"

कुणाच्याच मागं नाही. मला ती वाट आवडायची. गावाच्या शेवटच्या घरापासून पांदण सुरू व्हायची, दोन्ही बाजूंना काळ्या मातीची शेतं, एका अंगाला कापूस, दुसऱ्या अंगाला तूर. पुढं एक एकटी बाभूळ. तिथून वाट वळून नदीकाठानं जायची. अर्जुनाची गोऱ्या बुंध्यांची झाडं पाण्यावर वाकलेली, त्यांच्या मुळांत बसलेला खंड्या, आणि एका वळणावर मोठा डोह. डोहानंतर बाभूळबन. त्यातून जाताना पाऊल मऊ पडायचं आणि सकाळच्या उन्हाचे ठिपके अंगावरून सरकत जायचे. बन संपलं की पळसाची रांग आणि मग पलीकडच्या गावाचा मशिदीजवळचा कडुनिंब. चालत गेलं तर पाऊण तास. मी तिथवर पळत जायची, निंबाला हात लावायची आणि परत फिरायची. त्या तेवढ्या वेळात मी कुणाची सून नसायची, कुणाची मॅडम नसायची. मला दुसरं कुठलंच व्यसन नव्हतं.

पूर

त्या पावसाळ्यात कुशीत चमक भरली. मला वाटलं, पळून पळून भरली असेल. सासूबाईंनी ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी उतरायचं, आणि ताप उतरला की मी पुन्हा बूट घालायची. असा मूर्खपणा मी तीन आठवडे केला. एक दिवस शाळेच्या पाच पायऱ्या चढून मी वर गेले आणि हजेरी घ्यायला तोंडातून आवाजच निघेना. सगळा वर्ग माझ्याकडं बघत बसला.

अमरावतीच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. एक फुप्फुस काळंभोर, छान. दुसरं अर्ध्यापर्यंत पांढरं.

"पाणी भरलंय," ते म्हणाले. "टीबीचं आहे. फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात. तुमच्यापासून घरात कुणाला लागण व्हायची भीती नाही, पण औषध सहा महिने, एकही डोस न चुकता."

माझे यजमान सुधाकरराव शेती करतात आणि कमी बोलतात. ते खुर्चीच्या कडेवर बसून होते. त्यांनी विचारलं, "बरी होईल ना?"

मी विचारलं, "मी पुन्हा पळेन का?"

डॉक्टरांनी आधी यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाई, आधी नीट श्वास घ्या," ते म्हणाले. "पळण्याचं मी आज काही सांगू शकत नाही. कधीकधी फुप्फुस चिकटून बसतं. पुरतं उघडत नाही."

त्या वाक्यानं मी घाबरले. मरणाची भीती मला वाटली नाही, खोटं कशाला सांगू. श्वास पुरणार नाही आणि उरलेलं सगळं आयुष्य मला चालत काढावं लागेल, याची भीती वाटली. ती पुढचे पाच महिने माझ्या उशाशी होती.

फुगे

बारा दिवस दवाखान्यात होते. पाठीतून सुई घालून पाणी काढलं. बाटलीतलं ते पिवळसर पाणी बघून मला पेढीचा पूर आठवला आणि हसू आलं, तर सिस्टर ओरडल्या, "हलू नका!" सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, दहाला डॉक्टरांची फेरी आणि दिवसभर फुगे फुगवायचे. फुप्फुस उघडावं म्हणून तो व्यायाम होता.

शेजारच्या खाटेवर अकोल्याच्या भागाबाई होत्या, साठीच्या, अंगानं काडी. त्यांचंही तेच दुखणं. पहिल्या दिवशी आम्हा दोघींचे फुगे लिंबाएवढे झाले. "मास्तरीनबाई, तुमचा लहान हाय," त्या म्हणाल्या. बस, मला एवढं पुरे असतं. मी पुन्हा फुगवला. त्यांनी पुन्हा फुगवला. चौथ्या दिवसापासून आमची शर्यत बघायला आख्खा वॉर्ड उठून बसायचा. भागाबाई लबाडी करायच्या, नाकानं हळूच हवा घेऊन दोनदा फुंकायच्या. आठव्या दिवशी माझा फुगा टम्म फुगून फुटला आणि समोरच्या खाटेवरच्या आजी "अरे देवा" म्हणून पांघरुणात शिरल्या. जिंकल्याचा तो आनंद मला तालुक्याच्या बक्षिसापेक्षाही जास्त झाला.

सुधाकरराव रोज एसटीनं डबा घेऊन यायचे. डब्याशेजारी बसायचे आणि मला वाटेची बातमी द्यायचे. "आज डोहावर दोन बगळे होते." "बनात गवत कमरेएवढं झालं." मला फार बरं वाटायचं. ज्या माणसानं जन्मात कधी नदीकडं उगाच चक्कर मारली नाही, तो माझ्यासाठी रोज सकाळी तिथं जातोय! मग एक दिवस ते म्हणाले, "पळस काय फुलला आहे म्हणून सांगू."

गणपती नुकतेच बसले होते. पळस होळीच्या आधी फुलतो.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही एकदा तरी गेलात का तिकडं?"

ते डब्याचं झाकण पुसत बसले. "सोयाबीन काढाले आलं आहे. वेळच कुठी हाय," ते म्हणाले. "पन तुले आयकू तं वाटते ना."

मी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडली आणि खाल्ली. तोवर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं, त्या दिवशी लागलं.

झाकपाक

घरी आले तेव्हा निर्णय झालेला होता. माझी नणंद शोभा लग्नाची होती. बडनेऱ्याचा, रेल्वेत नोकरी असलेला मुलगा सांगून आला होता. त्या वर्षांत शेतकऱ्याच्या घरात मुलगी द्यायला शेतकरीही तयार नव्हता, आणि रेल्वेतल्या मुलाच्या दारात तर वधूपित्यांची रांग लागायची. सासूबाईंनी मला देवघरात बोलावून सांगितलं, "वनिता, तू बहिनीकडे गेली होती म्हनून सांगतलं हाय. हे गावात समजलं नाई पायजे. टीबीचं घर म्हनतीन. पोट्टीची सोयरीक मोडन."

मला राग आला. मग शोभाचं तोंड पाहिलं आणि राग गिळला. पुढं गोळ्याही गिळायच्याच होत्या.

पहिले दोन महिने गोळ्या आठवड्यातून तीनदा, नेमून दिलेल्या माणसासमोर खायच्या. नंतरचे चार महिने आठवड्याला एकदा त्याच्यासमोर आणि उरलेल्या घरी नेऊन. आमच्या गावात हे काम अंगणवाडीत चालायचं, म्हणजे गोळी घशाखाली उतरायच्या आत बातमी गावभर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना मी पलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं हमीदाबी आहे, बांगड्यावाली. तिनं स्वतः हेच औषध घेतलंय. पण तुम्ही तिथवर जाणार कशा?"

कशा म्हणजे? माझ्या वाटेनं. सगळ्या गावाला माहीत होतं की मॅडम सकाळी नदीकडं पळतात. मी तिकडं जाताना दिसले तर कुणी विचारणारच नव्हतं, फक्त पळताना दिसायला हवं होतं.

म्हणून मी, जिला पाटावरून उठताना धाप लागायची, ती आठवड्यातून तीनदा पहाट फुटल्यावर बूट घालून घरातून पळत निघायची. गल्लीतून, मारुतीच्या पारावरून, शेवटच्या घरापर्यंत. जेमतेम दीडशे पावलं. शेवटचं घर गणपतराव पाटलांचं. म्हातारा ओट्यावर दात घासत बसलेला असायचा आणि बोट तोंडात ठेवूनच हात वर करायचा, "चाललं का, मॅडम?" मी हसून हात हलवायची. बोलायला हवा नसायची. त्याच्या घरावरून पुढं गेलं की त्या एकट्या बाभळीखाली जाऊन मी मटकन बसायची. छातीचा भाता, डोळ्यांपुढं अंधार. दहा मिनिटांनी उठून हळूहळू चालू लागायची.

आजारी माणसं धडधाकट असल्याचं सोंग आणतात, हे ऐकलं होतं. पण मी तर खेळाडूचं सोंग आणत होते.

आ कर

हमीदाबीचं घर निंबाखालीच. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी, डोळे बारीक आणि तीक्ष्ण. ओसरीत बांगड्यांचे गठ्ठे दोरीला ओवून टांगलेले आणि कोनाड्यात माझ्या नावाचा डबा.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा चिखलानं दोन्ही बूट ढेकळाएवढे झाले होते. तिनं मला बसू दिलं, श्वास परत येऊ दिला, मग मूठभर गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढं केला. मी त्या एकेक करून घशाखाली घातल्या.

"आ कर," ती म्हणाली.

"घेतल्या ना."

"मास्तरीन, मी तीन वर्सांपासून गोळ्या देऊन राहिली. लोकं गालात धरतात अन् निंबाखाली थुकतात. माहा निंब काय बीमार हाय? आ कर. जबान वर कर."

पोरांच्या वह्या तपासणारी मी तिच्यापुढं आ वासून, जीभ वर करून बसले. तिनं दिवा धरून पाहावं तसं डोकावून पाहिलं आणि मग माझा हात हातात घेतला. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"कोन्त्या मापाच्या?"

"दोन-सहा."

"आता दोन-दोन बी ढिली होईन." तिनं माझ्या बांगड्या उतरवून एका कागदात बांधल्या आणि हातात लहान मापाच्या घातल्या. "या माह्यापाशी राहू दे. तिकडे दवाखान्यात वजनाचा काटा हाय, माहा काटा हा."

मी विचारलं, "हमीदाबी, मी पुन्हा पळेन का?"

"तुमी गोळ्या कधी संपतीन ते नाई इचारलं," ती म्हणाली. "सगळे तेच इचारतात."

आणि तिनं माझा डबा कोनाड्यात परत ठेवला.

दर गुरुवारी आमच्या गावच्या बाजाराला ती टोपली घेऊन यायची. आमच्या दारावरून जायची, सासूबाईंशी बोलायची, "या माय, हिरव्या बांगड्या पाहून घ्या" म्हणायची. माझ्याकडं मात्र ओळख नसल्यासारखं बघायची. मी मनातल्या मनात तिला हात जोडायची.

वाईट दिवस

वाईट दिवसही होते, तेही लिहायला हवेत. गोळ्यांनी मळमळायचं. लघवी केशरी व्हायची, आणि घामाचे डागही. सासूबाईंनी माझा पांढरा रुमाल पाहून विचारलं, "तू संत्री खाऊन राहिली का व?" रात्री मी शाळेच्या पायऱ्या चढत असल्याचं स्वप्न पडायचं आणि पायऱ्या संपायच्या नाहीत. एकदा शोभाच्या साड्या बघायला बायका आल्या, तेव्हा मला खोकला आला आणि सासूबाईंनी मला मागच्या खोलीत पाठवलं. मी तिथं भिंतीला डोकं टेकून बसले आणि म्हटलं, मला काय पाप लागलंय? त्या रात्री मी जेवले नाही. पहाटे सासूबाईंनीच चहा करून आणला. कपात साखर दुप्पट होती.

आणि वाट होती. चालत जाणाऱ्याला वाट जास्त दिसते, हे मला आजारपणानं शिकवलं. पळताना खंड्या म्हणजे एक निळी रेघ होती. आता मी बाभळीखाली, डोहावर, बनाच्या तोंडाशी अशी तीनदा बसायची, तर तो मासा धरून फांदीवर आपटतो, हेही दिसलं. तुरीला पिवळी फुलं आली. पेढीचं पाणी निवळलं, मग उतरलं. दिवाळीनंतर मी दोनदाच बसू लागले. हमीदाबीनं मनगट दाबून पाहिलं आणि दोन-चारच्या बांगड्या चढवल्या. मला इतका आनंद झाला की मी परत जाताना बनात एकटीच मोठ्यानं पाढे म्हटले. पळू मात्र नये, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तपासणीत ते अजून "बघू" एवढंच म्हणत होते.

कापूस

आता घोटाळा सांगते. असा घोटाळा फक्त वऱ्हाडातल्या घरातच होऊ शकतो.

भाव वाढेल या आशेनं आमच्याकडं वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतात. त्या वर्षी पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती आणि आम्ही सगळे मागच्या दोन खोल्यांत अंग खाजवत राहत होतो. पौष उलटून गेला होता. गोळ्या मी आठवड्याच्या घरी आणायची आणि फडताळात ठेवायची.

एका शनिवारी बडनेऱ्याची मंडळी न सांगता आली. सासूबाईंची धावपळ झाली. त्यांनी फडताळातलं माझं पाकीट उचललं आणि दिसू नये म्हणून कापसाच्या ढिगात खुपसलं. पाहुणे गेले, पाकीट राहिलं. रविवारी सकाळी सुधाकररावांनी एकाएकी मेटाडोर बोलावला. वाट पाहून कंटाळले होते बिचारे. दोन तासांत कापूस भरला आणि गाडी डुलत डुलत निघाली.

मी फडताळ उघडलं. "आई, माझ्या गोळ्या?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाई व! त्या तं कापसात!"

मेटाडोर गावाबाहेर पडला होता. पुढं जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या गिरणीत, तो रिकामा झाला की संपलं. हमीदाबीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डब्यातल्या गोळ्या मोजून आलेल्या असतात, आणि औषधात खंड पडला तर सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे पुन्हा ती बाभूळ, पुन्हा दोन-दोन. डांबरी रस्ता लांबून वळसा घालून बनापलीकडच्या रपट्यावर, नदीवरच्या ठेंगण्या पुलावर येतो, हे मला माहीत होतं, आणि नदीकाठची वाट सरळ तिथंच निघते.

मी बूटही घातले नाहीत. चपला अंगणात सुटल्या आणि मी पळाले.

गणपतराव ओट्यावर होते. मी पुढून गेले, तर ओरडले, "मॅडम, आज बाभळीखाली नाई बसले?"

म्हणजे म्हाताऱ्याला पाच महिने सगळं दिसत होतं! ओट्यावरून बाभूळ स्वच्छ दिसते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. मला पळता पळता हसू फुटलं. बाभूळ गेली. डोह गेला. बनात काटे होते, पण पायांना वाट पाठ होती. कुशीत ओढल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, आता पडते. पडले नाही. श्वास खाली गेला, आणखी खाली गेला, जिथं तो कित्येक महिने गेला नव्हता तिथवर गेला. मी रडत होते आणि पळत होते. पळसाला काळ्या मखमली कळ्या लागल्या होत्या, तेवढंही मला दिसलं.

(तुम्ही असं करू नका. डॉक्टर नंतर मला चांगलेच रागावले.)

रपट्याच्या मधोमध मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. दोन्ही बाजूंना बायका धुणं धूत होत्या. मेटाडोर समोर येऊन थांबला. सुधाकरराव खाली उडी मारून आले, तोंड पांढरं पडलेलं.

"काय झालं? माय बरी हाय ना?"

मी उत्तर न देता मागच्या फळीवर चढले आणि कापसात हात घातले. धुणं थांबलं. एकीनं विचारलं, "काय शोधून राहिले, बाई?"

सोंग मी गावातल्या त्या दीडशे पावलांपुरतं आणलं होतं. इथवर मी खरी पळत आले होते.

"गोळ्या," मी म्हटलं. "टीबीच्या. मला टीबी झालाय."

मग ती बाई म्हणाली, "लाल हायेत का? माह्या जाऊनं बी खाल्ल्या." आणि पदर खोचून वर चढली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला. चार बायकांनी मिळून अर्धा मेटाडोर उपसला. पाकीट शेवटी सुधाकररावांना सापडलं, फळीच्या कोपऱ्यात. मी तिथंच, कापसावर बसून, ड्रायव्हरच्या बाटलीतल्या पाण्यानं गोळ्या घेतल्या आणि सवयीनं नवऱ्यापुढं आ करून जीभ वर केली. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. माझा चिडीचूप नवराही हसला, आणि मग तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले.

बडनेरा

बातमी संध्याकाळपर्यंत बडनेऱ्याला पोचली. आठ दिवस तिकडून निरोप नाही. सासूबाई देवापुढं बसून राहायच्या आणि माझ्याकडं बघायच्याही नाहीत. शोभा मात्र रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायची. "मोडली तं मोडू दे, वहिनी," ती म्हणाली, पण तिचा हात थंड होता.

नवव्या दिवशी मुलाची आई आली, एकटीच, पॅसेंजरमधून उतरून तशीच. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "तुमाले समजलंच असन," त्या म्हणाल्या.

"समजलं ना. इतके दिवस ड्यूटीमुळं पोराले सुटी नव्हती, म्हून शेवटी मी एकलीच आली," ती बाई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "कापसाची गाडी गाठनारी सून तुमीच का? बरं हाय. तुमच्या नणंदेची बी कधी गाडी चुकाची नाई. आमी रेल्वेतले, आमाले तेवढंच पायजे."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग उठून त्यांनी, सगळ्यांसमोर, मला हाताला धरून पाटावर बसवलं आणि पहिला चहा माझ्या हातात दिला.

निंब

पुढचा एक्सरे डॉक्टरांनी पुन्हा खिडकीत धरला. दोन्ही बाजू काळ्याभोर. "पळा," ते म्हणाले. "पण बूट घालून."

होळीच्या आदल्या आठवड्यात शेवटचा डोस होता. गणपतराव पहाटेच ओट्यावर येऊन बसले होते, खास. मी बाभळीजवळ थांबले नाही. डोहात आता जेमतेम गुडघाभर पाणी होतं, त्यात पळसाची फुलं वाहत येऊन तरंगत होती. खरंच, पळस काय फुलला होता म्हणून सांगू. बनातून, पळसाच्या रांगेखालून, एकदाही न बसता, मी निंबाला जाऊन हात लावला.

हमीदाबी उंबऱ्यात उभी होती. शेवटच्या गोळ्या तिनं माझ्या हातावर ठेवल्या, रिकामा डबा उलटा करून झटकला. "आ कर." मी आ केला. मग तिनं तो कागद सोडला आणि माझ्या दोन-सहाच्या बांगड्या काढल्या. पहिली चढवताना मनगटावर अडली. तिनं हात दाबला, वळवला, पुन्हा दाबला. "दोन-आठ लागन आता," ती खूश होऊन म्हणाली, तरी जिद्दीनं सगळ्या चढवल्याच.

मला तेव्हा कुठं सुचलं. "हमीदाबी, तुम्ही दर गुरुवारी माझ्या दारावरून जायचात. टोपलीत गोळ्या आणल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. मला इतक्या लांब येऊ का दिलं?"

ती माझ्या बांगड्या सारख्या करत होती. "आनता आल्या असत्या ना," ती म्हणाली. "पन पहिल्या दिवशी तुमी गोळ्यांचं कुठी इचारलं? तुमी पळाचं इचारलं. गोळ्या टोपलीत येतात, बेटा. तुहे पाय मी टोपलीत कसे आनू?"

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदाच 'बेटा' म्हटलं. मी तिच्या गळ्यात पडले आणि आमच्या दोघींच्या बांगड्या वाजल्या.

मग तिनंच मला ढकललं. "जा. शाळा हाय."

मी परत पळत निघाले. पळस, बन, डोह, बाभूळ. गणपतरावांनी बोट तोंडातून काढून हात वर केला, "चाललं का, मॅडम?" आणि या वेळी माझ्याकडं हवा होती, भरपूर होती, म्हणून मी ओरडून सांगितलं, "चाललं!" शेवटचं घर मागं पडलं, मारुतीचा पार मागं पडला, सासूबाई अंगणात शेणसडा टाकत होत्या, आणि मी न थांबता शाळेच्या पाच पायऱ्यांपर्यंत पळत गेले.